तिसरा रकाना

कपाचा कान जिथे असायला हवा होता तिथे नुसते दोन खरबरीत ठिपके होते, एकाखाली एक, आणि बसमध्ये बसल्यापासून डेलियाचा अंगठा त्या ठिपक्यांवरूनच फिरत होता — वर, खाली, पुन्हा वर — बॅगेत हात घालून, लोकरी मोज्याच्या आत, शेजारच्या बाईला दिसणार नाही अशा बेताने. दोनदा ब्लीचमध्ये घासला होता तिने तो. तरी तळाशी एक निळसर कडं राहिलंच… कवळी भिजत घालायच्या गोळीचं. एक माणूस एकेचाळीस वर्षं चिनीमातीच्या कारखान्यात कपांना कान लावतो, निवृत्त होताना स्वतःसाठी उचलून आणतो तो बिनकानाचा कप, आणि त्यात काय, तर रोज आपली कवळी बुडवून ठेवतो! डेलियाने वहीत लिहिलं होतं की या कपातून त्याने शेवटचा चहा घेतला, दोन्ही हातांनी धरून, आणि मग कप तिच्या ओंजळीत ठेवून डोळे मिटले.

मिटले नव्हते. व्हर्जिल टॅगार्ट, वय त्र्याऐंशी, खोली क्रमांक चौदा, आज सकाळपर्यंत तरी जिवंत होता. दुपारी तीन वाजता त्याच वृद्धाश्रमाच्या जेवणघरात त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता.

बस नदीच्या कडेकडेने चालली होती. पाण्यावर डिसेंबरची वाफ, पलीकडे बंद पडलेल्या भट्ट्या. हे सगळं त्या तिसऱ्या रकान्याने केलं, असं डेलियाने स्वतःला शंभराव्यांदा सांगितलं. अभ्यासक्रमाचं नावच ‘सेवेतून शिक्षण’ — आठवड्यातून एकदा कुणा गरजूजवळ जाऊन बसायचं, परत येऊन वहीत लिहायचं आणि सत्र संपताना गटाने मिळून एखादा उपक्रम आखून दाखवायचा. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने. काय घडलं, दहा गुण. मला काय वाटलं, दहा गुण. माझ्यात काय बदललं, वीस गुण. पहिल्या मंगळवारी काय घडलं, तर टॅगार्टने डॉमिनोच्या डावात लबाडी केली. दुसऱ्या मंगळवारी त्याने टीव्हीवरच्या बाईला शिव्या दिल्या. तिसऱ्या मंगळवारी तो झोपला होता. काय वाटलं? कंटाळा. काय बदललं…? डेलिया प्रामाणिक मुलगी होती, तिने तो रकाना कोरा ठेवला, आणि हॉलिसबाईंनी वर हिरव्या शाईत लिहिलं, ‘यात तू कुठे आहेस? मला तू दिसत नाहीस.’ चाळीसपैकी अकरा. या विषयात चांगली श्रेणी नसेल तर नर्सिंगला प्रवेश नाही, आणि नर्सिंगला प्रवेश नाही म्हणजे आईसारखं जन्मभर दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहणं. गटातला वेस्ली शाळेत मुलांना वाचायला शिकवायचा आणि दर आठवड्याला आरपार बदलून यायचा. त्याला चाळीसपैकी अडतीस.

मग ऑक्टोबरात एका मंगळवारी तिने म्हाताऱ्याला मारलं. अर्ध्या तासाचं काम. रकाना कसा भरभरून वाहिला… पान उलटून मागेही लिहावं लागलं.

हॉलिसबाई वर्गात ते वाचताना रडल्या. अगदी खऱ्या रडल्या, रुमाल काढून. मग म्हणाल्या, “तो कप तू जपून ठेवला असशील ना गं? एकदा बघायला आण.” म्हणून पुढच्या मंगळवारी कप चोरावा लागला. आणि टॅगार्टने आरडाओरडा करून आश्रम डोक्यावर घेतला, चोर म्हणून नॅडीनचं नाव घेतलं — नॅडीन म्हणजे चौदा नंबरच्या बोळातल्या खोल्यांची मदतनीस, अकरा वर्षं त्याचे पाय चोळणारी — आणि चौकशी होईपर्यंत नॅडीनला तळघरात कपडे धुवायला पाठवलं गेलं. डेलिया तेव्हा तिथेच उभी होती. तिने पलंगाखाली वाकून कप शोधल्यासारखंही केलं.

वेस्लीच्या डोक्यातून उपक्रम निघाला: ‘एक कप सोबत’. दर आठवड्याला एकाकी वृद्धांबरोबर चहा, उद्दिष्टं पाच, निष्पत्ती सात, सगळं तक्त्यात मांडलेलं. सादरीकरण कुठे, तर त्याच आश्रमात. कागदांवर नाव नुसतं ‘मि. टी.’ होतं, कुणाचं खरं नाव लिहायचं नाही हा नियमच होता. ऑक्टोबरात टॉलिव्हर नावाचे एक गृहस्थ खरोखरच गेल्यामुळे आश्रमाच्या व्यवस्थापकांनीही मि. टी. म्हणजे तेच असं धरून मान डोलावली होती, आणि कपांना कान लावण्याचं काम तर या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी केलेलं. पण खरं नाव हॉलिसबाईंना ठाऊक होतं, हजेरीच्या कागदावर होतं ते. आणि टॅगार्ट दिसेल त्या बाईला हात पुढे करून आपलं नाव सांगत असे. तो जेवणघरात आला, त्याने टेबलावर आपला कप पाहिला… की संपलं.

म्हणजे यायला नको. एवढंच. मी त्याचं काही वाईट करत नाहीये, आज फक्त त्याने खोलीत राहायला हवं.

फक्त आजच, असं मात्र नव्हतं. बाईंना वाटे ती आता दुसऱ्या कुणाजवळ बसते, पण मंगळवारी ती चौदा नंबरलाच जात राहिली होती. नोव्हेंबरात त्याला खोकला झाला तेव्हा ती पलंगाशी बसून तो खोकला ऐकायची, आणि ऐकता ऐकता आपण काळजी करत नसून वाट पाहतो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं. गुरुवारच्या प्रथमोपचाराच्या वर्गात शिकवलं होतं: ठसका लागलेला माणूस खोकतोय तोवर त्याला हात लावू नका, खोकणारा श्वास घेत असतो, खोकला थांबला की धावा. ती त्याची नखं बघायची, निळी पडताहेत का ते. दर मंगळवारी बोळाच्या वळणावर तिचे डोळे आधी चौदा नंबरच्या दारावरची नावाची पाटी शोधायचे, आणि पाटी असायची. म्हातारा बरा झाला. मेलं माझं नशीब, असं ती चक्क पुटपुटली होती, आणि मग आरशात स्वतःकडे बघून हसली होती, कारण दुसरं काय करणार.

ती दीडला पोचली. टॅगार्ट जेवून झोपला होता. कवळी खिडकीत, कपाच्या जागी आता प्लॅस्टिकची डबी. आणि खुर्चीच्या पाठीवर इस्त्री केलेला शर्ट, त्यावर लाल टाय. म्हणजे तो येणारच होता. मग तिने डबी उचलली, पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि डबी कोटाच्या खिशात टाकली.  

अडीचला तो उठला. “आलीस का, कॉलेज?” तो तिला नावाने कधीच हाक मारायचा नाही. “टाय दे तो. आणि दात दे.”

“कुठे ठेवलेत?”

“खिडकीत. आणखी कुठे ठेवणार, तिजोरीत?”

खिडकीत नव्हते. उशीखाली नव्हते. ती पुन्हा पलंगाखाली वाकली, दुसऱ्यांदा, आणि या वेळी खिशातली डबी जमिनीला लागून खट्‌ वाजली. त्याला ऐकू गेलं नाही. बिनदातांचं त्याचं तोंड आत ओढलं गेलं होतं, शब्दांतून वारा सुटत होता.

“आधी कप, आता दात! त्या नॅडीनचीच करणी. खालून वर येऊन नेले असतील. तीच ना?”

‘नाही’ म्हणायला एक क्षण मिळाला होता. पुरेसा मोठा क्षण.

“असेल,” डेलिया म्हणाली.

तो पलंगाच्या कडेवर बसून राहिला, टाय गळ्यात अर्धवट. सकाळी कुणाकडून तरी दाढी करून घेतली होती, हनुवटीवर कापल्या जागी कागदाचा तुकडा चिकटलेला. “असं बोळकं घेऊन नाही यायचा मी. बायका असणार तिथे.”

“नका येऊ. थंडीही आहे बाहेर बोळात.”

“तुझे गुण कापतील का पण?”

तिला आधी कळलंच नाही.

“तूच म्हणाली होतीस ना, म्हाताऱ्यांजवळ बसण्याचे तुम्हांला गुण मिळतात. म्हटलं, पोरीची परीक्षा आहे, जाऊन बसू पुढच्या खुर्चीत. दोन शब्द बरे बोलू. खोटं बोलायला माझं काय जातं?” तो हसला, नुसत्या हिरड्या. “ऐक, तुला इथे यायला आवडत नाही, ठाऊक आहे मला. मलाही तू काही फार आवडत नाहीस. डाव हरलीस की तोंड पाडून बसतेस. पण मंगळवार बरा जातो.”

हे तो पूर्वीही एकदा म्हणाला होता, चौथ्या का पाचव्या आठवड्यात, अगदी याच शब्दांत. वहीत लिहिण्यासारखं काही नाही म्हणून तिने ते लिहिलं नव्हतं… आणि आता त्या वाक्याचा तिला राग आला, असला राग की कानशिलं तापली. हे तुला आत्ताच बोलायचं होतं? मेल्यानंतर?

“मी सांगेन बाईंना, तुम्ही येणार होतात म्हणून.”

“सांग. आणि अक्रोडाचा रोल असेल तर एक तुकडा आण. दरवर्षी नाताळात चर्चच्या बायका करतात तसला. का तेवढंही नाही मिळायचं मला?”

होता. वेस्लीच्या आईने चार केले होते. जेवणघरात टेबलं मांडायची लगबग चालली होती. बोळावरची नवी मदतनीसही तिथेच सरबत ओतत होती. नॅडीन असती तर ती बोळ सोडून कुठे गेली नसती. डेलियाने सुरीने कडेचा जाड तुकडा कापला, कोरडा, अक्रोडांनी गच्च. दात नाहीत त्याला, हे तिच्या मनात आलं का? आलं असणारच. दात तिच्याच खिशात होते. पण त्याहून आधी मनात आलं होतं ते हे, की खाण्यात गुंतला म्हणजे दारापर्यंत येणार नाही. तिने तुकडा ताटलीत ठेवला, ताटली त्याच्या मांडीवर, टीव्ही लावला आणि दार ओढून घेतलं.

तीनला सुरुवात झाली. म्हातारे-म्हाताऱ्या ओळीने बसलेले, काही पेंगत. पांढऱ्या कापडावर कप, शेजारी मेणबत्ती. वेस्ली बोलला, छान बोलला. हॉलिसबाई पुढे आल्या, त्यांनी किटलीतून त्या कपात चहा ओतला, दोन्ही हातांनी कप धरला — वहीत लिहिलं होतं अगदी तसाच — आणि डोळे मिटून एक घोट घेतला. घशातून तो घोट खाली जाताना डेलियाने पाहिला. हसू येईल म्हणून तिने दातांत जीभ धरली. जीव हळूहळू भांड्यात पडत होता. आता थोडंच राहिलं.

“मि. टी. साठी एक मिनिट शांत उभे राहू या. ज्यांना जमेल त्यांनी उभं राहा,” बाई म्हणाल्या. वेस्लीने फोनवर साठ सेकंद लावले आणि फोन टेबलावर ठेवला.

शांतता. किटलीची वाफ. आणि बोळाच्या टोकाकडून खोकला.

तिने तो लगेच ओळखला. महिनाभर कान देऊन ऐकलेला खोकला होता तो. पण हा जरा वेगळा होता, जोराचा, एकावर एक. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मान वळवली आणि पुन्हा खाली घातली, इथे कोण ना कोण खोकतच असतं. खोकतोय म्हणजे श्वास चालू आहे, डेलियाने मनात म्हटलं, हात लावायचा नाही. फोनवर उरलेले अठ्ठेचाळीस सेकंद. आणखी एक ठसका, अर्धाच. काहीतरी काचेचं नाहीतर चिनीमातीचं पडल्याचा आवाज… ताटली. चव्वेचाळीस.

मग काही नाही.

धावा, असं त्या वर्गात म्हणाले होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तिने वहीत खाली दोन रेघा मारल्या होत्या. दार दहा पावलांवर होतं. टीव्हीतली माणसं दूरवर हसली आणि थांबली. कोटावरून खिशातल्या डबीवर तिने हात ठेवला, आत कवळी किंचित हलली. तो झोपला असेल. खाल्लं, पाणी प्याला, झोपला, दुपारी झोपतोच तो… तीस. कुणाचेही डोळे उघडे नव्हते, फक्त तिचे. समोर हॉलिसबाईंच्या गालावरून एक थेंब ओघळत होता आणि डेलिया त्याच्याकडे पाहत होती, आणि ऑक्टोबरापासून छातीत जी एक घट्ट मूठ होती ती कुणीतरी एकेक बोट सोडवून उघडत होतं. भीती नव्हती. लाजही कुठे सापडेना, तिने शोधली. पाय जागचे हलत नव्हते, कारण ती त्यांना हला म्हणतच नव्हती, हेही तिला स्वच्छ दिसत होतं. माझ्यात काय बदललं… वाक्य तयार होत होतं, आपलं आपण, या वेळी एकही शब्द बनवावा न लागता, आणि ते कुठल्याच वहीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. तिने इतरांसारखी मान खाली घातली. फोनवर अजून वीस सेकंद बाकी होते.