रोशेलच्या बाळाची गोधडी

टण्ण.

जो बेथ नावाच्या बाईच्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान फरशीवर पडलं आणि घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं. माझ्याभोवती आठ बायका बसल्या होत्या. एरवी तिघी तरी एकदम वाकल्या असत्या. त्या गुरुवारी कुणीच वाकलं नाही.

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे, गोधडी शिवायची. ओकचे दोन लांब दांडे, चार पाय आणि टोकांना दातेरी चाकं, एवढंच माझं अंग. मला सायलस नावाच्या सुतारानं बनवलं. तो काळा होता आणि ते घर गोऱ्यांचं होतं, म्हणून मला घेऊन तो मागच्या दारानं आत आला. घरातल्या बाईंनी माझी फार तारीफ केली. त्याला पाणी दिलं ते वेगळ्या पेल्यात. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी नवी होते.

चाळीस वर्षं माझ्याभोवती गोऱ्या बायकाच बसल्या. मग ते घर विकलं गेलं आणि मी हार्लन्स फोर्ड गावाच्या वाचनालयात, मागच्या खोलीत आले. तिथं दर गुरुवारी ज्यांना यायचं त्या यायच्या, काळ्या आणि गोऱ्या. गावात कुणाला दिवस गेले की गोधडी सुरू व्हायची.

माझ्यावर काम कसं चालतं ते सांगते. कापड दोन दांड्यांवर ताणतात. बायका समोरासमोर बसून आपापल्या काठापासून मध्याकडे शिवत जातात. हात पोचतो तेवढं झालं की झालेला भाग दांड्यावर गुंडाळायचा. सुरुवातीला समोरचीशी बोलायला आवाज चढवावा लागतो. शेवटच्या ओळींना गुडघ्याला गुडघा लागतो.

व्हर्लीन आणि जो बेथ एकोणीस वर्षं अशा समोरासमोर बसल्या. व्हर्लीन काळी, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. जो बेथ गोरी, बियाणांच्या दुकानदाराची विधवा. व्हर्लीन म्हणायची, तुझे टाके इतके लांब की बाळाचं नख अडकेल त्यात. जो बेथ म्हणायची, तू बस चालवायचीस तशीच शिवतेस, दर चार बोटांवर ब्रेक.

त्या वर्षी व्हर्लीनच्या मुलीला, रोशेलला, दुसऱ्यांदा दिवस गेले होते. मुलगा आहे हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पिवळी-निळी गोधडी माझ्यावर चढली. रोशेलची सहा वर्षांची नाओमी माझ्याखाली बसून सगळ्यांच्या सुया ओवून द्यायची आणि गावच्या रीतीनं मोठ्या बायकांना 'मिस' म्हणायची.

तेवढ्यात गावात एक खटला उभा राहिला. टेरेल नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा, आपलं हरवलेलं कुत्रं शोधत, हातात पट्टा घेऊन एका गोऱ्या माणसाच्या अंगणात शिरला होता. संध्याकाळची वेळ होती. त्या माणसाला तो पट्टा हत्यार वाटला, असं त्यानं सांगितलं. त्यानं गोळी झाडली आणि पोरगं तिथंच गेलं. निकाल द्यायला नागरिकांमधून बारा जण निवडले गेले. त्यांत जो बेथ होती. बाराही जणांनी एकमतानं त्या माणसाला सोडलं.

गावाचे दोन भाग पडले. काही म्हणत, कायदा आहे तो असा आहे. काही म्हणत, पोरगं गोरं असतं तर अंगणात लिंबू सरबत मिळालं असतं. मोर्चे निघाले. घरापुढच्या गवतात पाट्या रोवल्या गेल्या, आणि पाटी वाचून लोक ठरवू लागले की या दारात थांबायचं की पुढं जायचं.

अंगुस्तान पडलं तो गुरुवार त्यानंतरचा. व्हर्लीननं सुई कापडात खोचून ठेवली.

"एकदाच विचारते, जो बेथ. बारा जणांत तूही होतीस. कसं केलंस?"

"जज्जसाहेबांनी वाचून दाखवलं होतं, व्हर्लीन. शंका राहिली तर सोडायचं. मला शंका राहिली."

"शंकेचा फायदा त्या माणसाला दिलास. त्या पोराला कुणी दिला?"

व्हर्लीन उठली. तिच्यामागून तिघी उठल्या, आणि मग बाकीच्याही.

गुरुवार बंद झाले. वाचनालयाच्या बाईंनी माझ्यावर चादर टाकली. अर्धी गोधडी तशीच ताणलेली राहिली. रद्दीचे गठ्ठे ठेवायला माझा उपयोग होऊ लागला.

जूनमध्ये एका शुक्रवारी जो बेथ एकटीच आली. गठ्ठे उतरवले, चादर काढली आणि आपल्या बाजूच्या दोन ओळी शिवून गेली. मंगळवारी व्हर्लीन आली. तिनं ते टाके पाहिले, पिशवीतून छोटी कात्री काढली आणि दोन्ही ओळी उसवल्या. मग आपल्या बाजूच्या दोन शिवल्या. पुढच्या शुक्रवारी जो बेथनं कापडावरची रिकामी भोकं बोटानं चाचपली आणि त्याच भोकांतून पुन्हा शिवलं. मंगळवारी व्हर्लीननं पुन्हा उसवलं. असं पाच आठवडे चाललं. मित्रांनो, माझी एक बाजू पुढं जात होती आणि दुसरी तिथंच होती. अशी गोधडी कधी पुरी होत नाही.

सहाव्या मंगळवारी रोशेल आईला शोधत आली. बाळंतपणाला महिना उरला होता. दारात उभी राहून तिनं कात्री चालताना पाहिली.

"मम्मा, यानं निकाल उसवत नाही."

"माहीत आहे मला. पण हाताशी एवढंच आहे ना गं." व्हर्लीन खाली बघूनच बोलली. "तुझ्या लेकाच्या अंगावर मला तिचे टाके नकोत."

"लेक माझा आहे," रोशेल म्हणाली. "त्याच्या अंगावर काय घालायचं ते मी ठरवीन. आणि तिला काय सांगायचं असेल ते तिच्या तोंडावर सांग. कापडाला कशाला?"

तिनंच फोन करून जो बेथला बोलावलं. पण मध्येच बाळ आलं, दोन आठवडे आधी. ते महिन्याचं झाल्यावर सगळ्या त्या खोलीत जमल्या. व्हर्लीन आपल्या जागी बसली, जो बेथ आपल्या.

"शिव," व्हर्लीन म्हणाली. "पण मी बोलले त्यातलं काही मागं घेत नाही. तुम्ही बाराही जण चुकलात."

"नको घेऊस मागं," जो बेथ म्हणाली. "मी आजही तेच केलं असतं का, ते मला सांगता येत नाही. झोप मात्र लागत नाही."

व्हर्लीननं कात्री पिशवीतच राहू दिली. माझं चाक एकेक दात सरकत गेलं आणि दुपारपर्यंत दोघींचे गुडघे लागले. आता वीतभर कापड उरलं आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला न्याय कळत नाही. माझं सांगणं एवढंच आहे. जुन्या वस्तू कोपऱ्यात ठेवल्यात तरी चालेल, पण कापड अर्ध्यावर ताणून टाकून जाऊ नका. ते घडी न पडताही विरतं, आणि विरताना आवाज होत नाही.

रोशेल बाळाला मांडीवर घेऊन बसली आहे. त्याची मूठ तिच्या बोटाभोवती घट्ट आहे. माझ्याखाली नाओमी सुई ओवते आहे. तिनं दोघींच्या गुडघ्यांमधून डोकं वर काढलं आणि विचारलं, "मिस जो बेथ, आमचं बाळ मोठं झालं आणि त्याचं कुत्रं हरवलं, तर त्यानं कुणाकुणाच्या अंगणात शोधलेलं चालेल?"