पिन लावलेलं चाक

"हिच्या चाकाला पिन का लावलीय?" मी विचारलं. पांढरी उंदरी चाकात चढून बसली होती आणि पुढचे पाय मारून बघत होती. चाक हलत नव्हतं. शेजारच्या पिंजऱ्यातली मात्र मघापासून नुसती धावत सुटली होती.

"तिला धावू द्यायचं नाहीये, इवोनीबाई," डॉक्टर तायना म्हणाली. "सगळ्याच धावल्या तर फरक कशाशी ताडून बघू?"

रिओच्या विद्यापीठातल्या उंदीरखान्यात मी पिंजरे धुते. काम साधं आहे, पण मला विचारायची खोड आहे आणि तायनाला सांगायची. पाय राबले की स्नायूंतून रक्तात एक द्रव्य उतरतं, ते मेंदूपर्यंत पोचतं आणि तिथली पडझड थोपवतं असं दिसतंय, असं ती म्हणाली. निरोप पोचवणाऱ्या कुठल्याशा जुन्या देवीवरून त्याचं नाव ठेवलंय म्हणे.

म्हणजे पायांनी डोक्याला पाठवलेलं टपालच की! मला हसू आलं आणि लगेच विरलं. माझा नवरा जुवेनाल जन्मभर आमच्या पिएदादे वस्तीत टपाल वाटत हिंडला. माझ्या आईच्या फाटकाशी पत्र घेऊन आला, माझ्याकडे पाणी मागितलं, तिथूनच आमचं जुळलं. एवढं चाललेला माणूस आता मीठ कुठे ठेवलंय ते विसरतो, कधी लेकीचं नावही विसरतो. हे कसं काय, असं मी तायनाला विचारलं.

"खरं सांगू? मला माहीत नाही," ती म्हणाली. "चालले नसते तर कदाचित आधीच विसरले असते. आता चालतात का?"

मी पिंजरा घासायला घेतला. ईस्टरला जुवेनाल एकटाच बाहेर पडला आणि पार दुसऱ्या वस्तीत सापडला. तेव्हापासून आमच्या लेकीनं, रोझांजेलानं, फाटकाला कुलूप घातलंय. किल्ली माझ्या गळ्यात असते. दिवसभर तो फाटकाच्या गजांना धरून उभा असतो, असं शेजारची नेउझा सांगते. मी परत त्या पिनेकडे बघितलं.

"चालवलं तर गेलेलं परत येईल?"

"तसं मी म्हणणार नाही. उंदरांचं उंदरांपाशी. पण चालणं वाईट नाही."

शनिवारी मी त्याला अंगणात फिरायला लावलं. पेरूच्या झाडाला दोन वळसे घालून तो खुर्चीत जाऊन बसला. "कुठं जायचंय आपल्याला?" त्यानं विचारलं. फिरायचंय, म्हटलं. "उगाच?" म्हणाला, आणि उठायचं नाव घेईना. मी चिडले, मग माझीच मला कीव आली. उंदीर उगाच धावतो, टपालवाला उगाच कशाला चालेल?

माळ्यावरून त्याची टपालाची पिवळी पिशवी काढली. बाजारातली सवलतींची पत्रकं आणि जुनी विजेची बिलं तिच्यात कोंबली. पिशवी खांद्याला लागली तशी त्याची पाठ ताठ झाली. रोझांजेला फोनवर तापली. "आई, ते हरवले तर जबाबदारी कुणाची?" माझी, म्हटलं, मी मागे आहे.

तेव्हापासून शनिवारी, रविवारी आम्ही निघतो. तो पुढे, मी चार पावलं मागे. सोबत चाललेलं त्याला खपत नाही. प्रत्येक फाटकाशी थांबून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे टाळ्या वाजवतो आणि माणूस येईपर्यंत हलत नाही. लोक मला बघतात, काय ते समजतात आणि गुपचूप कागद घेतात. नेउझा तेवढी बोलल्याशिवाय राहत नाही. "जुवेनाल, ही कोंबडीवरची सवलत कधीच संपली रे," ती म्हणाली. "मी वाचत नाही, मी फक्त पोचवतो," हा म्हणाला. ती इतकी हसली की आत जाऊन तिनं त्याला कसाव्याच्या कंदाच्या केकचा तुकडा आणून दिला.

त्याला झोप लागू लागली. एकदा मिठाची बरणी त्यानं आपणहून काढून दिली. मी तायनाला धावत जाऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि माझा हात दाबला, पण होकार दिला नाही. मला तिचा रागही आला आणि ती आवडलीही.

मग त्या रविवारी, उन्हं चढल्यावर, पिशवीत एकच कागद राहिला असताना आम्ही आमच्या गल्लीत शिरलो. जुवेनाल आमच्याच फाटकाशी थांबला. त्यानं टाळ्या वाजवल्या. मी जागच्या जागी उभी राहिले. आतून कोण येणार होतं? त्यानं परत टाळ्या वाजवल्या आणि कागद हातात धरून वाट बघत राहिला.

मी त्याच्या बाजूनं पुढे झाले, कुलूप काढलं, आत गेले आणि वळून उभी राहिले.

"इवोनीबाई इथंच राहतात ना?" त्यानं विचारलं.

"हो. मीच ती."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. कागद दोन्ही हातांनी दिला. "फार ऊन आहे आज. थोडं पाणी मिळेल का तुमच्याकडे?"

स्वयंपाकघरात मला रडू आवरेना. तरी पेला घासून भरला, बशी असावी तसा खाली तळहात धरून बाहेर नेला. तो उभ्यानंच पाणी प्यायला. आत या, बसा जरा, असं मी म्हटलं.

"नको बाई, कामावर आहे," तो म्हणाला, आणि पेला परत देऊन पिशवीचा पट्टा सारखा केला.

त्याच्या पिशवीत भरायला आणखी पत्रकं आणायला मी आत गेले. फाटक उघडंच ठेवलं.