ओल्या लाकडाचा वाडगा

टेम्पो दारात लागला तेव्हा मी वाडगा लेथवर चढवत होते. तेच मशीन विकत न्यायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं. सासऱ्यांनी त्याला खुर्ची दिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा थांबा. सूनबाईची हौस फिटू दे."

हौस म्हणे! मला असा राग आला की विचारू नका.

सासरे नावाजलेले कातारी. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, सगळं त्यांच्या हातचं. वर्षानुवर्षं वाळलेल्या लाकडाशिवाय त्यांनी कशाला पटाशी लावली नाही. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भुशाने शिंका येतात, म्हणून ते बँकेत चिकटले. मग मागे बघणारं कोणी नाही, असं म्हणत सासऱ्यांनी मशीन विकायला काढलं. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याच हाताखाली काम शिकले होते, पण त्या 'कोणी'त मला कुणी धरलंच नव्हतं.

अंगणातली तुती वादळात पडली, तेव्हा मी तिचा ओला ओंडका मागितला. ओलं लाकूड धड चुलीतही जळत नाही, असं सासऱ्यांनी ऐकवलं. वर म्हणाले, एक वाडगा बिनतड्याचा दाखव, मशीन तुझं.

ओलं लाकूड कातायला मऊ, नुसतं पाणी तोंडावर उडतं. खरी परीक्षा ते वाळताना. तडा गाभ्यातून निघतो, म्हणून मी गाभा काढून टाकला. एकाऐवजी बरेच वाडगे कातले, मुद्दाम जाडजूड ठेवले आणि ओल सावकाश जावी म्हणून कातताना निघालेल्या त्यांच्याच सालपटांत, पोत्यात पुरले. सासूबाई अधूनमधून एकेक वाडगा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायच्या. वजन उतरायचं थांबलं की वाळला म्हणायचं. सासऱ्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आमचं न बोलताच ठरलेलं.

आणि मग ह्यांना माझी माया आली. बायको लवकर जिंकावी म्हणून ह्यांनी पोतं गच्चीवर नेलं आणि वाडगे भर उन्हात मांडले. संध्याकाळपर्यंत सगळे फुटले. ह्यांचा चेहरा असा पडला की मला धड भांडताही आलं नाही. सासूबाईंनी वजनाला आत नेलेला तेवढा एक वाचला. सासऱ्यांनी फुटलेले वाडगे पाहिले. आणि गिऱ्हाइकाला मशीन न्यायला वर्षअखेरीस या म्हणून कळवून टाकलं.

तो वाचलेला वाडगा आता मशीनवर होता. वाळताना एका अंगाने आक्रसून लांबुळका झालेला, त्यामुळे फिरताना थाडथाड उडत होता. मी जरा जरा कातत त्याला गोल आणला. भिंत पातळ होत गेली आणि बुडाशी एक काळी रेघ दिसली. तडा गेला की काय! मशीन थांबवून रेघेवरून नख फिरवलं. नख कुठे अडकलं नाही. लाकडाचीच रेघ होती ती.

काम संपवून मी वाडगा सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा चढवला. काठावरून, बुडावरून अंगठा फिरवला. कानाशी नेऊन टिचकी मारली. मग पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं. गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, मशीन उचलायचं ना?

"मशीन हिचं आहे," सासरे म्हणाले. "हिला विचारा."

मी नाही म्हणाले. जन्मात इतक्या चवीने मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. आत सासूबाई मोठ्याने हसल्या.

टेम्पो रिकामा गेला. सासरे आता आत जाऊन पडतील असं मला वाटलं. ते वाडगा घेऊन मशीनपाशीच उभे राहिले.

"जन्मभर ओली लाकडं दारातून परत पाठवली मी," ते म्हणाले. "गाभा केवढा काढायचा गं?"

मी हातातली पटाशी त्यांना दिली, स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले.