एक डिसेंबरचा आवाज

बेंगळुरूच्या पीण्या भागातल्या त्या कारखान्यात सगळ्यात शांत जागा म्हणजे तांब्याची खोली. भिंती, छत, जमीन, दार, सगळ्याला तांब्याचा पत्रा मढवलेला. एकदा दार लावलं की बाहेरची एकही रेडिओ लहर आत शिरायची नाही. आकाशवाणी नाही, पोलिसांचा वायरलेस नाही, काही नाही. लष्करासाठी बनवलेले नवे रेडिओ सेट तिथे तपासले जात, आणि ते काम हेमलताचं होतं.

हेमलता बनशंकरीची. घरात मराठी, दारात कन्नड, अशा तीन पिढ्या बेंगळुरूत मुरलेल्या घरातली. या नव्या सेटांचं तिला भारी कौतुक, आणि तेही उगाच नव्हे. तिचा धाकटा भाऊ बसवंत लष्करात सिग्नलमन होता, उत्तरेला बर्फातल्या एका चौकीवर. जुना सेट म्हणजे पाठीवरची नुसती धोंड, आणि वर पलीकडे बसलेला शत्रू त्यावरचं सगळं आरामात ऐकायचा. नवा सेट एका सेकंदात शंभर वेळा लहर बदलायचा. ऐकणाऱ्या सेटनंही त्याच क्षणी त्याच लहरीवर उडी घेतली तर बोलणं कळणार, नाहीतर नुसती खरखर. त्यासाठी सगळ्या सेटांची घड्याळं तंतोतंत जुळलेली लागत. पहिली खेप बसवंताच्याच पलटणीला जायची होती. आपण तपासलेला सेट भावाच्या पाठीवर जाणार म्हणून हेमलता दुप्पट कडक तपासणी करायची, आणि सगळ्या खात्याच्या डोक्याला ताप द्यायची.

संक्रांत दोन दिवसांवर आली होती. बाकीची मंडळी कँटीनला गेली होती आणि ही एकटीच आत दार लावून बसली होती. सेटवर तारीख घालायची होती, बारा जानेवारी. घड्याळाची चिप परदेशी. तिला आधी महिना लागायचा आणि मग तारीख. हेमलताला हे पाठ होतं. तरी जन्माची सवय ती. बोटांनी आधी बारा दाबले, मग एक. सेटनं निमूटपणे एक डिसेंबर धरला.

खरखर थांबली आणि एक माणूस बोलू लागला.

तो फौजी हिंदीत खालच्या तळावरच्या कंट्रोलला हाका मारत होता. बर्फाचा कडा कोसळलाय, दोघं जखमी आहेत, आम्ही आत अडकलोय, कुणी ऐकतंय का. थोडा थांबायचा, आणि पुन्हा तेच. प्रत्येक वेळी 'ओव्हर' म्हणायच्या आधी तो 'सरी' म्हणत होता. 'ठीक' अशा अर्थाच्या या एका कन्नड शब्दापायी ट्रेनिंगमध्ये मैदानाला किती चकरा माराव्या लागल्या, ते बसवंत रजेवर आला की हसत हसत सांगायचा. आवाज बसवंताचाच होता. तिनं बटण दाबून त्याला हाक मारली, पुन्हा मारली. त्याला काही ऐकू जात नव्हतं. मग तिची नजर तारखेवर गेली. तिनं ती दुरुस्त केली तशी पुन्हा नुसती खरखर उरली.

त्याच रविवारी शेजारच्या अण्णांकडे बसवंताचा फोन आला. धडधाकट होता. एक डिसेंबर अजून यायचा होता. पलटणीच्या लंगरातल्या डाळीला नावं ठेवत होता.

हेमलता तपासणी खात्याच्या प्रमुखांना, प्रदीपकुमारांना, आत घेऊन गेली आणि या वेळी मुद्दाम ती चूक केली. प्रदीपकुमारांनाही ऐकू आलं. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, रिपोर्टात मी लिहू काय? सेट हवा त्याच्यापेक्षा जास्त चांगला चालतो म्हणून?" त्या दिवसानंतर ते त्या खोलीत कधी गेले नाहीत. काही सांगायचं असलं तर दाराबाहेर उभे राहून सांगत.

मोठ्यानं रडावं असं तिला वाटत होतं, पण रडून सेट दुरुस्त होत नाही हे ती जाणून होती. त्याला कुणाचंच ऐकू का येत नाही, एवढा एकच प्रश्न तिनं धरून ठेवला. नेहमीच्या तपासणीत सेट बर्फाच्या पेटीत काही तास ठेवत. तिनं आठवडाभर ठेवला. आणि सापडलं. फार दिवस गारठ्यात राहिलं की आतलं घड्याळ हळूहळू मागे पडत होतं. घड्याळ मागे पडलं की सेट बहिरा आणि मुकाही. मग तो आवाज आपल्याला कसा आला, हे शोधायची मात्र तिची छाती नव्हती.

प्रदीपकुमारांनी खेप अडवली. वरून खूप बोलणी खाल्ली, पण मागे हटले नाहीत. प्रत्येक सेटमधला घड्याळाची चाल राखणारा क्रिस्टल बदलला. फेब्रुवारी सरता सरता सेट खोक्यांत भरायला सुरुवात झाली, तेव्हा शेवटचा एक सेट घेऊन हेमलता पुन्हा तांब्याच्या खोलीत गेली. दार लावलं, आणि एक डिसेंबर घातला.

बसवंत आला. तीच हाक, तोच कडा. पण या वेळी पलीकडून कंट्रोलचा आवाज आला: ऐकतोय, ठिकाण सांगा, पथक तयार आहे. हेमलताला हुंदका फुटला. तिनं केलेलं काम फळाला आलं होतं. आता सेट बंद करून घरी जायचं, बस्स. बसवंत ठिकाण सांगू लागला, पहिला आकडा, दुसरा आकडा, आणि मध्येच त्याला खोकला आला. लहानपणी त्याला असा खोकला लागला की रात्र रात्र तीच उशाशी बसायची. तिला राहवलं नाही. तिनं बटण दाबलं.

"बसवंता, मी अक्का."

आकडे थांबले. मग बसवंतानं कोरड्या, परक्या आवाजात त्या दिवसाचा ओळखीचा संकेत विचारला. तो रोज बदलतो, आणि ज्याला सांगता येत नाही तो शत्रू, असा तिथला कायदा. तिच्याकडे कुठून असणार तो? ती पुन्हा नुसती अक्का, अक्का म्हणत राहिली. "आपल्या लहरींवर शत्रू आहे," बसवंत म्हणाला. "सेट बंद करतोय." आणि त्यानं केला. त्यानंतर फक्त कंट्रोल बोलत राहिला, पुढचे आकडे सांगा, पुढचे आकडे सांगा.

दिवाळीला बसवंत रजेवर आला. रजा वाढव, आजारी पड, काहीही कर, असं तिनं सांगून पाहिलं. तो हसण्यावारी नेत होता. शेवटी गच्चीवर पणत्या लावताना तिनं त्याला सगळं सांगितलं, फक्त शेवटचं, आपण बटण दाबून बोललो ते, गाळून. म्हणाली, समज, अशा वेळी माझा आवाज आला, तर तू बोलणं तोडशील का? ठिकाण पुरतं सांगून टाकशील ना?

बसवंतानं थट्टा केली नाही. हातातली पणती त्यानं खाली ठेवली.

"तोडीन, अक्का. ते लोक कुणाचाही आवाज काढतात. मी ठिकाण सांगितलं आणि खाली पथकावर गोळे पडले तर? तुझा आवाज असला तर आधी तोडीन."

तिचा चेहरा बघून त्याला वाईट वाटलं असावं. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो अगदी सोपं काही सांगावं तसं म्हणाला, "त्यात काय एवढं? तू त्या दिवशी बोलू नकोस, सरी?"

ती मान हलवून हो म्हणाली. पण ती फेब्रुवारीतच बोलून बसली होती.