भिंतीवरची फ्रेम

भावोजींनी भिंतीवरची फ्रेम मागितली, त्याच दिवशी कानसकाकूंच्या मनात पाल चुकचुकली.

फ्रेम म्हणजे नुसता सांगाडा. चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. तांबूस प्रायमरचा एक हात दिलेले पोलादी पाईप तेवढे. वर्कशॉपच्या मागच्या भिंतीवर, दोन खुंट्यांवर, ती वीस वर्षं लटकत होती. काकूंचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली सायकलवाले म्हणायची, त्यांनी हातानं घडवलेली ती शेवटची फ्रेम. तीनशेच्या वर फ्रेमा केल्या त्यांनी आयुष्यात. कुणी त्यांच्यावरून टपाल वाटलं, कुणी दुधाचे कॅन वाहिले, कुणी तीन पोरं एकदम शाळेत पोचवली. पण सायकलवाल्यांचा सांधा सुटला, असं कधी कुणाच्या तोंडून ऐकू आलं नाही. माणूस गेला, गिऱ्हाईकं गेली, हे एवढं नाव मागं राहिलं होतं आणि काकू ते डोळ्यांत तेल घालून जपत होत्या.

"तुम्हाला कशाला हवीय ती?" त्यांनी विचारलं.

"इलेक्ट्रिक सायकल करतोय, वहिनी. मागच्या चाकात मोटर. दीड हजार वॅटची."

"विकत मिळतात की बाजारात."

"त्या अडीचशे वॅटच्या. माझ्या घराच्या चढावर त्या माझ्यापेक्षा जास्त धापा टाकतात."

भावोजी म्हणजे धाकटे दीर. चाळीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत काढलेली. टेकाडाच्या माथ्यावर एकटेच राहायचे आणि आता दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला. "जन्मभर लोकांना वर पोचवलं," ते म्हणायचे, "आता मला कुणी पोचवेना."

"अभद्र बोलू नका," काकू म्हणायच्या. पण हसायच्या.

त्या दिवशी मात्र हसल्या नाहीत. बाजारात पन्नास ठिकाणी नवी फ्रेम मिळत असताना हीच का? हल्ली हातानं केलेल्या जुन्या फ्रेमांना शौकीन लोक वेडे होऊन पैसे मोजतात, असं त्यांच्या कानावर होतं. शेवटी एका अटीवर त्या तयार झाल्या. काम याच वर्कशॉपमध्ये व्हायचं, त्यांच्या डोळ्यांसमोर.

"पहारा ठेवणार म्हणा की," भावोजी म्हणाले.

"तसं समजा."

कानसकाकू हे नाव उगीच पडलेलं नव्हतं. या वर्कशॉपचा एक नियम होता, लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ठरलेला. ज्योत यांची, कानस काकूंची. पाईप खोबणीत बसवायचा, पितळ नीट वाहावं म्हणून टाकणखार लावायचा, गॅसची निळी ज्योत धरून पितळेची कांडी वितळवायची, हे काम सायकलवाल्यांचं. सांधा निवला की कानशीनं घासून तो असा गुळगुळीत करायचा की नखाला काठ लागता कामा नये, हे काकूंचं. ज्योतीला काकूंनी हात लावायचा नाही, कानशीला यांनी. जिभेलाही कानसच लावलीय, असं गल्ली म्हणायची, पण ते पाठीमागे.

त्या शेवटच्या फ्रेमची मात्र एक गोष्ट होती, जी काकूंनी कुणालाच सांगितली नव्हती. यांनासुद्धा नाही.

पहिले आठ दिवस सगळं सरळ चाललं. भावोजी रोज दुपारी चढ उतरून यायचे. बॅटरीचे बोटभर नळकांडे सेल ओळीनं मांडायचे, एकेकाचा दाब मीटरवर बघायचे, एखादा उणा निघाला तर त्याला "नापास" म्हणून बाजूला ठेवायचे. काकू दारातल्या स्टुलावर चहाचा कप घेऊन बसायच्या आणि बघायच्या. ते दिवस त्यांना बरे वाटले, हे त्यांनी स्वतःशीही कबूल केलं नाही. किती वर्षांनी त्या बाकावर कुणीतरी मान खाली घालून काम करत होतं. मान घालायची तऱ्हाही तीच, थोरल्या भावाची.

नवव्या दिवशी काकू बाजारातून आल्या तर खुंट्या रिकाम्या.

"गंज काढायला दिलीय," भावोजी म्हणाले. "वाळूच्या फवाऱ्यानं साफ करतात. मग परस्पर रंगाला."

"मला न विचारता?"

"तुम्ही घरात नव्हतात."

"मी भाजी आणायला गेले होते, परदेशी नव्हे."

भावोजींनी मान वर केली नाही. जो माणूस एका वाक्याला चार वाक्यांनी उत्तर द्यायचा, तो नुसता सेल मोजत बसला. ते गप्प बसणंच काकूंना खटकलं. कुठंतरी पाणी मुरत होतं.

दोन दिवसांनी त्यात भर घातली शेजारच्या शिंपिणीनं. मशीन थांबवून ती खिडकीतून म्हणाली, "काकू, तुमच्या दिरांनी काल रिक्षातून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी वर नेलं हो. एवढं लांब."

"फ्रेमएवढं?"

"आता मी काही टेप लावून मोजलं नाही."

"एरवी दिसेल ते मोजतेस."

"काकू, मला काय त्याचं? मी आपलं डोळ्यांना दिसलं ते सांगितलं," असं म्हणून तिनं मशीन पुन्हा चालू केलं, पण खिडकी उघडीच ठेवली.

चार दिवसांनी फ्रेम आली. गर्द हिरवी, आरशासारखी. सायकलवाल्यांचा आवडता रंग. भावोजींनी ती स्टँडवर चढवली आणि लगबगीनं मागचं चाक बसवायला घेतलं. मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध परातीएवढा डबा. एवढ्या ताकदीची मोटर सुटताना आसालाच पिळून काढते, म्हणून आस धरून ठेवायला त्यांनी दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पट्ट्या कापून घेतल्या होत्या. सगळं काम चोख. बोट ठेवायला जागा नाही. फक्त काकू जवळ आल्या की ते मधे येत.

"रंग ओला आहे, वहिनी."

"चार दिवस?"

"जाड हात दिलाय."

मग एकदा भावोजी हात धुवायला गेले तेव्हा काकूंनी अंगठा पुढे केला. हँडलखालचा सांधा, सीटखालचा सांधा. अंगठ्याचं नख काठावरून हळूच फिरवलं. नख अडकलं. दुसरीकडे फिरवलं, तिथंही अडकलं.

ही त्यांची कानस नव्हती.

भावोजी पंच्याला हात पुसत आले. काकूंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"या सांध्याचा काठ लागतो हो हाताला."

"रंगामुळे."

"रंगानं खाच बुजते, भावोजी. उगवत नाही."

"तुम्ही पण ना!" ते हसले, पण ते हसणं ओठांच्या वर चढलंच नाही. त्यांनी पान्यासाठी हात पुढे केला आणि पाना खाली पडला.

आता काय राहिलं होतं विचारायचं? यांच्या हातची शेवटची फ्रेम याच घरातल्या माणसानं विकली, आणि वर भंगारातली दुसरी हिरवी रंगवून भावजयीच्या समोर उभी केली. परक्यानं केलं असतं तर पोलिसात जाता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भावोजी बॅटरीच्या जाड तारा डाख देऊन जोडायला बसले. ते काम अर्धवट सोडता येत नाही, हे काकूंनी एव्हाना पाहून ठेवलं होतं. "शिंपिणीकडे जाऊन येते," म्हणून त्या निघाल्या. भावोजींच्या घराची जादा किल्ली जाऊबाई गेल्यापासून काकूंच्याच खिळ्यावर असायची. तीन ठिकाणी थांबत, कठड्याला धरत, त्या चढ चढल्या. निम्म्यावर त्यांच्या मनात आलं, हा चढ रोज चढायचा म्हणजे खरंच मोटर हवी. मग त्यांना स्वतःचाच राग आला. चोराची कीव कसली करायची!

फ्रेम विकलेली नव्हती. ती पलंगाखाली होती, गोणपाटात.

काकूंनी ती बाहेर ओढली. हँडलखाली येऊन मिळणारा तिरका पाईप चार बोटं आधी करवतीनं कापलेला होता. कापलेला तुकडा जुन्या रुमालात वेगळा बांधून ठेवला होता. काकूंनी गाठ सोडली, तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

सांधा पक्का असला की पितळ वितळून पाण्यासारखं खोबणीत आतपर्यंत ओढलं जातं, आणि पाईपचं टोक सगळं पिवळं दिसतं. या टोकावर पितळेची एक बारीक कडी होती, काठापुरती. आत सगळं काळं. बाहेरून भरलेला, आतून पोकळ.

काकू पलंगावर बसल्या. तुकडा त्यांच्या मुठीतच राहिला.

जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल, एक विसावा. भावोजी दारात आले तेव्हा त्यांना बोलताही येत नव्हतं.

"शिंपीण म्हणाली, तुम्ही तिच्याकडे गेलाच नाहीत." त्यांचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. "वहिनी, ते ठेवा खाली."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"मोटर चढवण्याआधी पान्यानं वाजवून बघितली. लिफ्टवाल्याची सवय. बाकीचे सगळे सांधे घंटेसारखे वाजले. हाच बद्द. वेल्डरकडे नेऊन कापला." ते खुर्चीत टेकले. "शेवटच्या वर्षी दादाचे हात थरथरायचे, वहिनी. होतं असं. त्याचा सांधा सुटला, हे मला तुम्हाला दाखवायचं नव्हतं. म्हणून भंगारातून तशीच एक शोधली. तुम्ही म्हणाला असतात, यांची फ्रेम चढ चढतेय. एवढंच हवं होतं."

"आणि मी तुम्हाला चोर ठरवून मोकळी झाले."

"ते मला दिसत होतं. तुमचा चेहरा काही लपत नाही."

आता काकूंनी गप्प बसायचं ठरवलं असतं, तर प्रश्न मिटला असता. भावोजी हे मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हते. पण मग या एका माणसाच्या मनात तरी सायकलवाल्यांचा एक सांधा कच्चा राहिला असता. सख्ख्या भावाच्या मनात.

"हा यांचा नव्हे," काकू म्हणाल्या. "माझा आहे."

"काय?"

"त्या दुपारी एवढा एकच सांधा राहिला होता. हे दमून आत जाऊन पडले. गॅस चालू, कांडी समोर. मला वाटलं, इतकी वर्षं बघतेय, त्यात काय कठीण? लावली ज्योत. पितळ काठावर चकाकलं, मला वाटलं झालं. मग घासून असा काही काढला की यांनाही कळू नये." त्यांनी तुकडा उलटा केला. "कानस चांगली चालली होती. म्हणूनच कुणाला दिसलं नाही."

भावोजी खुर्चीत पुढे सरकले. "दादाला कळलं नाही?"

काकू हो-नाही म्हणणार, तोच त्यांना ते आठवलं. दुसऱ्या दिवशीची सकाळ. त्या आत होत्या, आणि बाहेर हे नव्या फ्रेमला पान्यानं वाजवत होते, नेहमीसारखे. टण्, टण्, टण्. मग एक बद्द आवाज. मग पुन्हा तिथंच, बद्द. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा हे खुंट्या ठोकत होते.

"ही विकायची नाही," म्हणाले होते. "असू दे भिंतीवर." गिऱ्हाईक दामदुप्पट द्यायला तयार असतानाही नाही दिली. आणि काकू वीस वर्षं समजत आल्या, की शेवटची म्हणून यांचा जीव अडकला असेल.

"कळलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला एका शब्दानं बोलले नाहीत."

भावोजींनी उठून त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर काकूंनी पदरानं डोळे पुसले, आणि रुमालाची गाठ पुन्हा बांधली.

"नवा पाईप मिळेल या मापाचा?"

"मिळेल. पण ज्योत कोण धरणार? वेल्डरला सांगू?"

"वेल्डर कशाला? ज्यानं बिघडवलं त्यानं निस्तरावं. तुम्ही टाकणखार आणा. आणि या वेळी आधी भंगारातल्या तुकड्यांवर हात बसवीन मी. दहा करीन, वीस करीन, सगळे कापून आत बघायचे."

बावीस झाले. पहिल्या नवांत पितळ काठावरच थिजलं. काकूंनी ते स्वतः कापले आणि स्वतःच "नापास" म्हणून बाजूला ठेवले. शेवटचे सहा आतपर्यंत पिवळे निघाले. मग त्यांनी यांच्या फ्रेमला हात लावला. जुन्या पाईपचं खालचं टोक काढताना भावोजींना घाम फुटला. तो सांधा यांचा होता, तापून लाल झाला तरी सुटता सुटेना. "बघा," काकू म्हणाल्या, आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

मोटर, बॅटरी, ब्रेक सगळं भंगारवाल्या फ्रेमवरून उतरून या फ्रेमवर चढलं. रंग द्यायला काकूंनी नकार दिला, नुसता प्रायमर. "काही झाकलेलं नको."

ज्या सकाळी सायकल दारातून निघायची, त्या सकाळी भावोजी सीटवर बसले, बटण दाबलं, हँडलवरच्या छोट्या पडद्यावर आकडे उजळले. शिंपीण खिडकीत होतीच.

"थांबा. उतरा खाली," काकू म्हणाल्या.

"आता काय राहिलं?"

"उतरा म्हणते ना!"

त्यांनी यांचा जुना पाना आणला, वाकून एकेक सांधा वाजवला. हँडलखालच्या सांध्याशी त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी पाना मारला.

टण्.

काकूंनी पुन्हा मारला. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा मारला तेव्हा भावोजी म्हणाले, "वहिनी, बास आता. अजून विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे," काकू म्हणाल्या, आणि चौथ्यांदा वाजवून मगच बाजूला झाल्या.