फुटाला चार इंच

ट्रकची फळी पडली आणि गाडी खाली उतरली, तेव्हाच गौस मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपल्याला हवी होती ती ही नव्हे.

साखर कारखान्याचं विश्रामगृह कळंब्याच्या पुढे एका टेकडीवर होतं आणि त्याच्यासमोरची हिरवळ थेट पायथ्यापर्यंत घसरत गेली होती. धोंडुबाई आणि तिच्यासोबतच्या बायका विळ्यानं ती कापत. खाली पोचेपर्यंत वरचं गवत पुन्हा घोट्याला लागे. म्हणून बसून चालवायची गवतकापणीची गाडी मागवायची ठरली. मुंबईच्या दुकानदाराकडे दोन जुन्या विलायती गाड्या होत्या. एक बुटकी, रुंद, वजनदार. दुसरी उंच, अरुंद आणि हलकी. कुठली पाठवू ते ठरवायला त्यानं उतार किती ते विचारलं.

उतार मोजला मिस्त्रींनीच. कारखान्याच्या देखभाल खात्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन त्यांनी बारा ठिकाणी मोजमाप केलं आणि कचेरीत येऊन सांगितलं, "चार."

गवंडी असो, सुतार असो, ढाळ म्हटला की तो फुटाला किती इंच हेच इकडे धरतात, वेगळं कुणी बोलत नाही. कारकुनानंही पत्रात लिहिलं, 'उतार : चार'. मुंबईच्या माणसानं ते चार अंश समजले आणि सपाट बागेत शोभेल अशी हलकी गाडी पाठवून दिली. फुटाला चार इंच म्हणजे अठरा अंशांच्याही वर जातं.

"व्हय मिस्त्री," विश्रामगृहाचे व्यवस्थापक जोतीरामअण्णा चारचौघांत म्हणाले, "चार म्हंजे काय, चार बोटं?"

सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी घेतलेलं माप आजवर कुणी फिरून मोजलं नव्हतं.

"शनिवारी संचालक येणार हायत," अण्णा म्हणाले. "गाडी चढली तर ऱ्हाईल. न्हाय तर सोमवारी परत ट्रकात. आणि हितनं पुढं माप घ्यायला मी बाहेरचा माणूस आणणार, आधीच सांगतो."

"शनिवारपतोर गाडी माझ्या ताब्यात द्या," मिस्त्री म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी पान्याला हातच लावला नाही. चालवणाऱ्याच्या जागी साखरेचं अर्धं पोतं उभं करून बैठकीवर बांधलं, एका बाजूची चाकं फळीवर घेऊन त्यांच्याखाली कागद सरकवला आणि फळीखाली जॅक लावून गाडी हळूहळू तिरकी करत नेली. चाकावरचा भार संपला की कागद अलगद निघतो. तो निघाला तेव्हा मिस्त्रींनी ओळंबा सोडला. फुटाला सहा इंच. सहाला उलटणारी गाडी चारावर चालवायची, म्हणजे एखाद्या खड्ड्याचीच काय ती वाट बघायची.

मग त्यांनी मागची चाकं काढली. त्यांच्या मधल्या लोखंडी थाळ्या एका अंगाला खोल होत्या. त्या उलट्या करून बसवल्यावर प्रत्येक टायर अडीच इंच बाहेर आला. टायरांत वाल्वमधून पाऊण भाग पाणी भरलं. वजन वाढलं आणि तेही जमिनीलगत. बैठक खाली घेतली. चढावर पुढची चाकं उचलू नयेत म्हणून उद्यमनगरातल्या ओळखीच्या फाउंड्रीतून बिडाच्या दोन पट्ट्या ओतून आणल्या आणि नाकाशी बोल्टांनी आवळल्या.

फिटर बाबालाल चहाचा कप घेऊन आला नि बघतच राहिला.

"चाचा, डोळं तपासून घ्या. चाकं उलटी बसवलीसा की!"

"व्हय रं. तुझी अक्कल सुलटी हाय न्हवं, मग झालं."

"चाकांना साखळ्या का बांधत न्हाईसा? झक्कास चढंल."

"गवत कापायचं हाय, नांगरट न्हाय करायची."

पुन्हा पोतं, पुन्हा कागद, पुन्हा जॅक. या वेळी कागद निघाला तो फुटाला नऊ इंचांवर. मिस्त्रींनी तीनदा मोजलं. तिन्ही वेळा नऊच.

शुक्रवारी संध्याकाळी ते उतारावर पायानं चाचपत फिरत होते. विळ्याला धार लावत बसलेली धोंडुबाई म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, सकाळी नगा चालवू. वरच्या टाकीचं पाणी रातभर मधल्या पट्ट्यात झिरपतंय. दोन वाजूस्तवर वाळत न्हाई. माझा पाय दोनदा घसरलाय तितं."

मिस्त्री तिथं वाकले. तळवा ओला झाला. बारा ठिकाणी मोजलं होतं, पण ओल मोजायचं सुचलं नव्हतं.

शनिवारी संचालक सकाळी दहालाच आले. मिस्त्रींनी दोनपर्यंत थांबवलं. अण्णा उन्हात रुमालानं मान पुसत म्हणाले, "आता काय मुहूर्त बघताय?"

दोन वाजून गेले. मधल्या पट्ट्यात बसून धोंडुबाईनं माती चिमटीत चोळली, हात हलवून हाक दिली, "वाळलंय!" मग मिस्त्री गाडीवर बसले. पायथ्यापासून सरळ वर. अर्ध्यावर गवत दाट लागलं, इंजिन गुदमरलं. खालून कुणीतरी ओरडलं, "वळवा, वळवा!" मिस्त्रींनी हँडल वळवलं नाही; वळताना गाडी उतारावर आडवी झाली असती. ज्या वाटेनं चढले त्याच वाटेनं सरळ मागं उतरले, पातं दोन खाचा वर घेतलं आणि पुन्हा निघाले. इंजिनाचा आवाज जड झाला, जडच राहिला, आणि गाडी व्हरांड्यापाशी जाऊन उभी राहिली. मागं पायथ्यापर्यंत कापलेला सरळ पट्टा.

टाळ्या पडल्या. अण्णांना तेवढ्यानं पुरलं नाही.

"आता आडवी चालवून दावा. मग मानतो!"

सगळे मिस्त्रींकडे बघू लागले. नऊ इंचांचा हिशेब त्यांच्या डोक्यात होता. कदाचित गेलीही असती.

"आडवी न्हाय चालवायची."

"भ्या वाटतंय?"

"अण्णा, नऊ इंच मी थांबल्याल्या गाडीवर मोजल्यात, फरशीवर. चालत्या गाडीला घुशीचं एक बीळ पुरं होतंय. ही उभी चालंल, रोज चालंल, आणि चालवणारा संध्याकाळी घरी जाईल. एवढ्यासाठी केलीया. तमाशासाठी न्हाय."

एक म्हातारे संचालक पुढे आले, टायरावर काठी ठोकून म्हणाले, "अण्णा, गाडी ऱ्हाऊ दे. आणि मापं ह्यांच्याकडनंच घ्या."

अण्णा खाकरले. "बरं, ऱ्हायली. पण मिस्त्री, रोज चालवणार कोण? डायवर कुठला आणू?"

मिस्त्रींनी धोंडुबाईकडे बोट केलं.

"बाई?"

"ह्यो उतार तिच्या पायाला पाठ हाय. तुमचा डायवर शिकंस्तवर दोनदा पडंल."

धोंडुबाईनं पदर खोचला. गाडीभोवती एक फेरी मारली, पात्याखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही थांबवायची कशी?"

गौस मिस्त्रींचा ऊर त्या दिवशी पहिल्यांदा भरून आला. पाच दिवसांत गाडीजवळ आलेल्या प्रत्येकानं ती किती पळते, किती चढते हेच विचारलं होतं.

"बस," ते म्हणाले, "तेच पयलं शिकवतो."