मागे घे म्हणजे कुठे?

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे आणि आज माझं डोकं फिरलंय. जुन्या गाडीने गोडगोड आठवणी सांगाव्यात अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती गुंडाळून ठेवा.

बाबांनी मला तरुणपणी कारखान्यातून नवीकोरी आणली. दोनच सीट आणि हे लांबलचक नाक! शेजारीपाजारी नुसते बघत राहायचे. सुट्टीच्या दिवशी बाबा मला टेकडीवर न्यायचे, पोटभर दरी बघायचे आणि मग खाली आणायचे. पुढे मुलं झाली, दोन सीट पुरेनात, आणि माझ्यावर ताडपत्री पडली. उंदरांनी गादी कुरतडली, तरी कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मग बाबांची नजर अधू व्हायला लागली. डॉक्टर म्हणाले, जे बघायचं ते लवकर बघून घ्या. बाबा म्हणाले, "मला टेकडीवरून दरी बघायचीय. आपल्या गाडीतून." तेव्हा कुठे त्यांच्या मुलांना, ताई-दादाला, माझी आठवण झाली. वा रे वा!

इंजिन सुरू झालं, पण पेट्रोल पेटवणारी ठिणगी अवेळी पडत होती. ती कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा ठरवतो. तो जरासा फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. हे तपासायचा खास दिवा बाजारात मिळतो. पण दादाला दिवा कशाला हवा? "मला कान आहेत की!" म्हणे. जळले मेले ते कान!

ताई मला चढावर फिरवून आली. टकटक आवाज येत होता, म्हणजे ठिणगी फार लवकर पडत होती. ताई सीटवरूनच ओरडली, "अरे, टायमिंग मागे घे!" तिला म्हणायचं होतं, उशिरा कर. आणि या दीडशहाण्याने डबा फिरवला डिकीच्या दिशेनं! ठिणगी आणखीच लवकर पडायला लागली. उभ्या जागी मी जोरात गुरगुरले, तर म्हणतो कसा, "बघ, कशी खूश झाली!" खूश? मी बोंब मारत होते! पुन्हा चढावर नेऊन बघावं, एवढंही दोघांना सुचलं नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ताईशेजारी बसले. दादा मोटरसायकलवरून मागून निघाला. अर्ध्या चढावर टकटक सुरू झाली. बाबांची नजर अधू झाली तरी कान शाबूत आहेत. ते म्हणाले, "थांबव! आवाज ऐक तिचा!"

"बाबा, आलंच की आता," म्हणत ताईनं ॲक्सिलरेटर आणखी दाबला. त्या अवेळी ठिणगीच्या माराने माझ्या पिस्टनला भोक पडलं. निळा धूर निघाला आणि मी बंद पडले.

"मी मागे घे म्हणाले होते!"

"मागेच घेतलं होतं!"

रस्त्याच्या कडेला दोघं एकमेकांवर खेकसत होते. बाबा दरीच्या दिशेला तोंड करून उभे होते. तिथून नुसती झुडपं दिसतात.

आता मी पुन्हा ताडपत्रीखाली. नवा पिस्टन कोणी आणायचा यावर दोघं अडून बसलीत. चूक कोणाची हे आधी ठरू दे म्हणे! बाबा रोज येऊन माझ्यात बसतात. परवा त्यांना दाराची मूठ चाचपडत शोधावी लागली.

मित्रांनो, माझी कीव करू नका. मी लोखंडाची आहे, आणखी वीस वर्षं पडून राहीन. पण तुमच्यापैकी कोणाची या दोघांशी ओळख असेल, तर त्यांना खडसावून सांगा: आधी पिस्टन बसवा, भांडण दरी बघून आल्यावर करा. काल बाबा माझ्या काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि ताईला विचारत होते, बाहेर अंधार पडला का गं? तेव्हा भर दुपार होती.